घरात मोठं माणूस म्हणजे तेरा वर्षांची बहीण: धाकट्याला सावरायचं कसं?

पत्र

"मी बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यातल्या एका वस्तीवर अंगणवाडी सेविका आहे. माझ्याकडे साडेचार वर्षांचा एक मुलगा येतो. त्याचे आईवडील दसरा झाल्यावर टोळीबरोबर कोल्हापूरकडे साखर कारखान्यावर ऊसतोडीला गेलेत, गुढीपाडव्याच्या आसपास येतील. दरवर्षी आजी पोरांजवळ राहायची, ती यंदा श्रावणात वारली. आता घरात हा, तिसरीतला भाऊ आणि तेरा वर्षांची बहीण, तिघंच. चुलती दोन घरं सोडून राहते. 'लक्ष असतं माझं' म्हणते. पहिला महिना पोरगा सारखा रडायचा. आता रडत नाही, पण दुसऱ्या पोरांना चावतो, ढकलतो. खिचडीचा घास खिशात कोंबून घरी नेतो. आईचा फोन आला की तोंड फिरवतो. अंथरूण ओलं करणं दोन वर्षं बंद होतं, ते पुन्हा सुरू झालंय. सुट्टी झाली की माझा पदर सोडत नाही. बहीण त्याला मारते, मी डोळ्यांनी पाहिलं. ती आठवड्यातून दोन-तीन दिवस शाळा बुडवते. पोरगं कोडगं झालंय का? मी त्याला रात्री माझ्या घरी नेऊ का? 1098 ला, म्हणजे मुलांसाठीच्या हेल्पलाइनला, कळवलं तर पोरांची ताटातूट करतील का?"

उत्तर

सेविकाताई, नमस्कार.

तिन्ही प्रश्नांची उत्तरं आधी देतो, मग सविस्तर बोलू. पोरगं कोडगं झालेलं नाही. त्याला रोज रात्री तुमच्या घरी नेऊ नका. आणि 1098 ला फोन केला म्हणून पोरं लगेच एकमेकांपासून तोडली जात नाहीत. तो फोन कधी करायचा ते पुढे येईलच. तुम्ही विचारलंय धाकट्याबद्दल, पण आमचं निम्मं उत्तर थोरलीबद्दल आहे. या घरात धाकट्याला माया, शिस्त, जेवण जे काही मिळतं ते तिच्या हातून मिळतं, आणि तिचे हात आत्ताच भरलेत.

रडणं थांबलं म्हणजे पोर रुळलं, असं घरोघरी समजतात. 1950 च्या सुमारास लंडनमध्ये जेम्स रॉबर्टसन आणि जॉन बोल्बी यांनी आईपासून दूर, दवाखान्यात ठेवलेल्या लहान मुलांचं निरीक्षण केलं, तेव्हा तिथेही तोच समज होता. त्यांना दिसलं ते असं: मूल आधी आकांत करतं, मग मलूल होतं आणि शेवटी आईवाचून आपलं काही अडत नाही असं वागायला लागतं. आई भेटायला आली तरी ओळख देत नाही. हा तिसरा टप्पा वरवर शहाणपणाचा दिसतो, म्हणून मोठी माणसं निर्धास्त होतात. फोनवर तोंड फिरवणं यातलंच आहे. तो आईला विसरलेला नाही. तिचा आवाज ऐकायचा आणि ती मात्र हाताला लागायची नाही, हे त्याला झेपत नाही.

त्यात या पोराच्या बाबतीत आजीही गेली. ज्या माणसाच्या भरवशावर तो दरवर्षी राहायचा ते श्रावणात गेलं, आणि दोन-अडीच महिन्यांत आईवडीलही गेले. 'वारली' आणि 'कारखान्यावर गेली' यातला फरक साडेचार वर्षांच्या मुलाला आपोआप कळत नाही. त्याच्या हिशोबात दोघीही घरातून गेल्या आणि आल्या नाहीत. हे त्याला कुणीतरी सरळ सांगायला हवं, आणि ते तुम्ही सांगू शकता: "आजी मेली. मेलेलं माणूस परत येत नाही. ती तुझ्यामुळे नाही मेली. आई ऊस तोडायला गेलीय. ती परत येणार आहे." शब्द कठोर वाटतील, पण 'आजी देवाघरी गेली' म्हटलं की पोर देवाघराहून यायची एसटी कधीची, असं विचारतं. 'आजी गावाला गेली' तर मुळीच सांगू नका, कारण आईसुद्धा गावालाच गेली आहे. हे एकदा सांगून भागणार नाही. तो पुन्हा पुन्हा विचारेल, दर वेळी त्याच शब्दांत उत्तर द्या.

आता थोरलीकडे. लहान भावंडाला कडेवर घेऊन फिरणारी बहीण आपल्याला नवी नाही. जगभरच्या शेतकरी समाजांत मोठी भावंडं धाकट्यांना सांभाळत आली आहेत आणि तेवढ्याने कुणाचं वाटोळं झालेलं नाही. उलट असं वाढलेलं मूल पुष्कळदा मिसळून वागायला लवकर शिकतं. पण त्या सगळ्या घरांत ओसरीवर एक मोठं माणूस असायचं. पोर फारच किरकिर करायला लागलं, ताप आला, भांडण हाताबाहेर गेलं की बहीण त्याला आजीच्या मांडीवर टाकून मोकळी व्हायची. तुमच्या पत्रातल्या घरात ती मांडी नाही.

आणि तेरा वर्षांच्या मुलीला न येणारी गोष्ट स्वयंपाक किंवा आंघोळ घालणं ही नसते. ते ती निगुतीने करते. तिला जमत नाही ते स्वतः वैतागलेली असताना दुसऱ्याला शांत करणं. तिचा स्वतःचा रागावरचा ताबा अजून पक्का व्हायचाय. त्यामुळे ती धाकट्याशी बोलते ते बहुतेक हुकमांत: गप बस, हात लावू नको, जेव लवकर. लहान मूल राग आवरायला शिकतं ते आधी दुसऱ्याच्या आधाराने. कुणीतरी जवळ घेतं, "राग आला ना तुला" म्हणतं, थोपटतं. असं हजारदा झालं की मग ते स्वतःचं स्वतः करता येतं. हे मिळालं नाही तर पोर दोन धडे घेतं: रडून कुणी येत नाही, आणि चावलं की सगळे धावत येतात. म्हणून तो पडला तरी रडत नसेल आणि कुणी खेळणं घेतलं की थेट दात लावत असेल. उलट काही पोरं फारच गरीब, आज्ञाधारक होतात, कुणाच्याही कडेवर जातात, काही मागत नाहीत. त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. तिसरीतला भाऊ तसा आहे का ते पाहा. तुमच्या पत्रात त्याच्या वाट्याला अर्धंच वाक्य आलंय.

तर आधी काय करायचं? मनाचं पुढे, आधी रात्र. 'लक्ष असतं माझं' ही व्यवस्था होत नाही. चुलतीशी बसून एक गोष्ट पक्की करा: दिवेलागणीपासून सकाळपर्यंत तिघांजवळ कोणतं प्रौढ माणूस झोपणार. ती स्वतः येऊन झोपणार, तिच्या घरातलं दुसरं कुणी मोठं माणूस येणार, की तिघंही अंथरूण घेऊन तिच्याकडे जाणार? नाव ठरलं पाहिजे आणि रोज तेच माणूस पाहिजे. आज ही, उद्या ती, असं झालं की धाकटा आणखी बिथरतो. पुरुषमाणूस सोबतीला ठेवायची वेळ आली तर थोरलीला एकटीला गाठून, सावकाश विचारा की तिला चालेल का. ती 'चालेल' म्हणाली पण खाली पाहून म्हणाली, तर दुसरं माणूस शोधा.

चुलतीकडून हे सहज होईल असं धरून चालू नका. तिलाही तिची पोरं, गुरं आहेत, आणि जावेने आपल्याला न विचारता पोरं सोडून गेल्याचा राग असू शकतो. म्हणून ही मागणी तुमच्याकडून जाऊ नये, आईने फोनवर करावी. बाजारहाटासाठी थोडे पैसे आईने थेट चुलतीला पाठवले तर बोलणं सोपं जातं.

तुमच्या घरी नेण्याचं म्हणाल तर, त्यामागची तुमची माया कळते. पण आई गेली, आजी गेली, आता त्याच्यापाशी उरलीय ती बहीण. रोज रात्री तिच्यापासून तोडून सकाळी परत सोडायचं म्हणजे दिवसातून दोनदा ताटातूट. तुमचं आजारपण, पाहुणे आले आणि चार दिवस खंड पडला की त्याला आणखी एक माणूस गेल्यासारखं होईल. तुम्ही त्याला रात्र देऊ नका, दिवसातला एक ठरलेला वेळ द्या आणि तो चुकवू नका.

रवांडात 1994 च्या नरसंहारानंतर हजारो घरं अशी मुलांच्याच माथी आली. तिथे गावातल्याच एका प्रौढ माणसाने ठरलेल्या दिवशी त्या घरी जायचं, बसायचं, विचारपूस करायची, असा उपक्रम चालवला गेला, आणि त्याने घर चालवणाऱ्या मुलांचं एकटेपण कमी झालं. दक्षिण आफ्रिकेच्या 2005 च्या बालक कायद्यात अशा घरांना रीतसर मान्यता आहे, पण अटी आहेत, त्यातल्या दोन अशा: घर चालवणारं मूल 16 वर्षांपुढचं हवं आणि त्यांच्यावर देखरेखीला एक प्रौढ नेमलेला हवा. आपली थोरली तेराची आहे आणि नेमलेलं कुणी नाही.

आता तिच्या दिवसाचा हिशोब मांडा. तुमची अंगणवाडी दुपारी सुटते. शाळा पाचच्या सुमाराला सुटते. मधले तीन-चार तास धाकटा कुणाकडे असतो? ती दोन-तीन दिवस शाळा बुडवते त्याचं कारण बहुधा इथेच आहे, आणि शिक्षकांना ते 'अभ्यासात लक्ष नाही' असं दिसत असेल. मुख्याध्यापकांना हे शब्दांत सांगा. अंगणवाडी शाळेच्याच आवारात असेल तर तुमच्या आणि त्यांच्या संमतीने धाकटा दुपारी तिसरीच्या वर्गात भावाशेजारी बसू शकतो. नसेल तर ते तीन तास एका ठरलेल्या बाईकडे. पाणी भरणं, दळण आणि रेशन ही तीन कामं तिच्याकडून काढता आली तर पाहा. गावातल्या बचतगटात एकदा विषय काढा. बायका पैसे देणार नाहीत, पण दळण आणून द्यायला नाही म्हणणार नाहीत.

ती मारते त्याबद्दल. सगळ्यांसमोर "लाज नाही वाटत, लहान आहे तो" म्हणालात तर मारणं बंद होणार नाही, दाराआड होईल. ती कधी मारते ते विचारा. आमचा अंदाज असा: पहाटे अंथरूण ओलं सापडतं तेव्हा. थंडीत गोधडी धुवायची, वाळत घालायची, भाकरी टाकायची, दोघांना तयार करायचं आणि मग शाळेत उशीर झाला म्हणून बोलणी खायची. गोधडीवर आधी प्लास्टिकचा कागद किंवा खताची धुतलेली पिशवी उकलून घाला, त्यावर जुन्या लुगड्याची चार पदरी घडी. सकाळी तेवढी घडीच धुवायची. झोपण्याआधी तास-दीड तास फार पाणी किंवा चहा नको, झोपताना एकदा लघवीला नेणं, आणि सोबतीला झोपणारं माणूस रात्री उठलं तर तेव्हा एकदा. एवढ्याने निम्म्या चापट्या वाचतील असं आम्हाला वाटतं.

अंथरूण ओलं होण्याचं म्हणाल तर, पाच वर्षांखाली तो आजार मानत नाहीत, आणि बंद झालेलं पुन्हा सुरू होणं हे अशा ताटातुटीनंतर नेहमीचं आहे. तरी आरोग्य केंद्रात एकदा दाखवा: लघवीला जळजळ, वारंवार जाणं, ताप, फार तहान लागणं किंवा बद्धकोष्ठ असेल तर कारण शरीरातलं असू शकतं. 10 फेब्रुवारीला जंताची गोळी अंगणवाडीत देणारच आहात, त्या दिवशी तो गैरहजर राहणार नाही एवढं पाहा. 'मुतऱ्या' म्हणून कुणी चिडवत असेल तर ते मात्र त्याच दिवशी बंद करा.

थोरलीसाठी आणखी दोन गोष्टी. तिला "किती समंजस पोर, अगदी आईसारखी सांभाळते" असं येताजाता म्हणू नका. कौतुक चांगल्या मनाने असतं, पण त्यानंतर तिला थकले, जमत नाही, रडू येतंय, असं म्हणायची सोय राहत नाही. त्याऐवजी कामाचं नाव घ्या: "आज त्याचं नाक पुसलंस, नखं काढलीस, छान केलंस." आणि रागाच्या क्षणासाठी तिला एक ठरलेली वाट द्या. हात उचलावासा वाटला की धाकट्याला खाली बसवायचं, उंबऱ्याबाहेर जायचं, तोंडावर पाणी मारायचं आणि चुलतीला हाक द्यायची. ही हाक म्हणजे तक्रार नाही, हे चुलतीला आधी सांगून ठेवा. हाक दिल्यावर तिने येऊन थोरलीलाच रागावलं, तर पुढची हाक येणार नाही.

फोनचं पाहू. आत्ता फोन कधीही येतो, बहुतेक रात्री, आणि आई धाकट्याला "जेवलास का, रडतोस का, ताईचं ऐकतोस का" असं विचारते, बरोबर? एवढ्या लहान मुलाला असल्या प्रश्नांना उत्तरं सुचत नाहीत. वेळ ठरवा, पण झोपायच्या तोंडावर नको. त्या फोननंतर पोर उसवतं आणि रात्र बहिणीच्या गळ्यात पडते. संध्याकाळचं जेवण व्हायच्या आधीची वेळ बरी. ऊस भरायची गाडी कधी येईल याचा नेम नसतो, म्हणून आठवड्याचे दोन वार ठरवा आणि ते पाळा. रोजचा कबूल करून चार दिवस न आलेला फोन जास्त जाचतो. आईने प्रश्न विचारण्यापेक्षा सांगावं: आज कोपीपाशी (झोपडीपाशी) कुत्रीला पिल्लं झाली, आज बैलाने वाढं खायला नखरे केले. तीन-चार मिनिटं पुष्कळ झाली. तो बोलला नाही तरी फोन कानाशी राहू द्या, 'बोल ना आईशी' म्हणून ढोसू नका. रेंज नसेल त्या फडावरून आईने अर्ध्या मिनिटाचा आवाज रेकॉर्ड करून पाठवावा. नेहमी झोपवताना जे म्हणायची तेच. तो रोज तेच ऐकेल, चालेल. आणि आईने थोरलीशी बोलताना कामाच्या सूचना देण्याआधी तिची दोन मिनिटं चौकशी करावी. हे तिला तुम्हीच सुचवा.

आई कधी येणार, याचं उत्तर तारखेत देऊ नका. पट्टा कधी पडेल, म्हणजे कारखान्याचा हंगाम कधी संपेल, ते टोळी नेणाऱ्या मुकादमालाही नक्की माहीत नसतं. दिलेली तारीख टळली की सहा महिन्यांचा भरवसा जातो. "होळी होईल, मग पाडवा, त्याच्या आसपास आई" असं सणांच्या क्रमाने सांगा. कॅलेंडरवर रोज एक दिवस त्याच्याच हाताने खोडून घ्या. होळी, पाडवा लाल रंगाने दाखवा.

अंगणवाडीतला दिवस हे तुमचं खरं हत्यार. आधी पाच दिवस रजिस्टरच्या मागच्या पानावर टिपून ठेवा: किती वाजता चावला, त्याआधी काय झालं, सकाळी घरून काय खाऊन आला. पुष्कळदा असं निघतं की पोर चहा-बटरवर आलंय आणि चावतं ते खिचडीच्या आधीच्या अर्ध्या तासात. मग उपाय लवकर मूठभर फुटाणे देणं एवढाच असतो. चावलाच, तर आधी चावा बसलेल्या मुलाला जवळ घ्या, नंतर त्याच्या उंचीला बसून, हात धरून, एका वाक्यात: "तुला राग आला. चावायचं नाही. दे म्हणायचं." आणि 'दे' म्हणवून घ्या. कोपऱ्यात एकटं बसवणं इतर मुलांना चालत असेल, याला नको. याची दुखरी जागा एकटं पडणं हीच आहे. 'आता तूही त्याला चाव' असं दुसऱ्या मुलाला कधीच सांगू नका. मदतनीस बाईंना हे नीट सांगा, कारण तुम्ही एक करता आणि त्या दुसरं करतात, असं झालं की सगळं वाया.

रोज दहा मिनिटं त्याच्याशी त्याच्या मनाचा खेळ खेळा. इतर मुलं आजूबाजूला असली तरी चालेल. खेळ तो ठरवणार, तुम्ही शिकवायचं नाही, आकडे विचारायचे नाहीत, फक्त तो करतो ते बोलून दाखवायचं: "गाडीत ऊस भरला, आता गाडी निघाली." ऊस, गाडी, बाहुलीला मागे सोडून जाणं, असे खेळ तो खेळेल. खेळू द्या, मध्ये पडून शेवट गोड करू नका. गोष्ट सांगताना राग, भीती, लाज, आठवण हे शब्द मुद्दाम वापरा. पोटात दुखतंय म्हणणारं मूल पुष्कळदा 'आठवण येते' म्हणत असतं.

सुट्टीच्या वेळी पदर सोडवून घेऊन पळ काढू नका, किंवा त्याचं लक्ष नाही पाहून निघू नका. सुट्टीआधी दहा मिनिटं सांगा, मग रोज तोच क्रम: पाटी जागेवर, हात धुणं, एकच गाणं, आणि तुमच्याकडून एखादी वस्तू, खडू किंवा चिंचोका, "उद्या परत आणून द्यायची" म्हणून. मग पोर ज्याच्या ताब्यात जाणार त्याच्या हातात हात द्यायचा. तुम्ही रजेवर जाणार असाल तर आदल्या दिवशी सांगायचं. पहिले आठ-दहा दिवस तो जास्तच चिकटेल. ते बिघडणं नाही, तो परीक्षा घेतोय.

खिशातल्या खिचडीवरून ओरडू नका आणि खिसे तपासू नका. एक छोटा डबा सगळ्यांदेखत द्या: "हे तुझं घरी न्यायचं." कुणी हिसकावत नाही अशी खात्री पटली की काही आठवड्यांत साठवणं कमी होतं. पण आधी एक पाहा, तो साठवतोय की घरी खरंच कमी पडतंय. अंगणवाडीत मिळणारं खाणं उष्मांकांच्या हिशोबाने त्याच्या दिवसभराच्या गरजेच्या निम्म्याहून कमी असतं. वजन या महिन्यात घ्या, दंडघेर मोजा. तो 12.5 सेंटिमीटरच्या खाली असेल तर हा स्वभावाचा प्रश्न नाही, भुकेचा आहे, आणि 11.5 च्या खाली असेल तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्या. भावासाठी नेत असेल, हेही शक्य आहे. विचारा.

आता 1098. बाल न्याय कायदा 2015 मध्ये संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय मानलाय. फोन गेला की जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडून घरी येऊन पाहणी होते आणि गरज पडली तर प्रकरण बालकल्याण समितीपुढे जातं. समितीला नातेवाइकांकडे ठेवणं, मदत जोडून देणं, आईवडिलांना बोलावणं, असे मार्ग असतात. तुमचं म्हणणं लेखी द्या आणि त्यात 'तिघं एकत्र राहावीत' हे स्पष्ट लिहा. पण काही गोष्टी दिसल्या तर लिहिण्यात वेळ घालवू नका, त्याच दिवशी फोन करा: रात्री सोबतीला प्रौढ माणूस मिळतच नाही, थोरलीच्या मागे कुणी लागलंय, घरात दारू पिऊन कुणी येतं, मार अंगावर वळ उठेल इतका आहे, घरात दोन वेळचं अन्न नाही, किंवा थोरलीला कुणी मजुरीला नेतंय. आणि तिच्या लग्नाची बोलणी कानावर आली तर ग्रामसेवकांनाही कळवा, ते बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. 'घरात पोरगी एकटी, त्यापेक्षा उजवून टाकू' हा विचार तुमच्या भागात कुठून येतो ते तुम्हाला आम्ही सांगायला नको.

बालसंगोपन योजनेबद्दल विचाराल. ती मुख्यतः अनाथ, आई किंवा वडील नसलेल्या अशा मुलांसाठी आहे, दरमहा 2250 रुपये. दोघंही हयात आणि एकत्र असताना हे घर त्यात सहसा बसत नाही. त्यांना लागू पडतं ते हंगामी वसतिगृह, शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालणारं. अडचण अशी की ते शाळकरी मुलांसाठी आहे. थोरली आणि मधला तिकडे गेले आणि धाकटा मागे राहिला, तर आपण उलटंच करून बसू. यंदाच्या उरलेल्या दिवसांत त्या दोघांचं फक्त जेवण तिथून मिळालं तर थोरलीच्या दोन चुली वाचतील. तेवढंच मागा.

पुढच्या हंगामासाठी बोलणी मात्र आईवडील परत आल्यावर लगेच, मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घ्यायच्या आधी. रात्रीला पक्कं माणूस नसेल तर आमच्या मते धाकट्याला आईबरोबर न्यावं आणि दोघांना वसतिगृहात घालावं. फडावर थंडी आहे, ट्रॅक्टर-ट्रॉलीचा धोका आहे, शाळा नाही, हे सगळं मान्य. तरी पाच-साडेपाच वर्षांच्या मुलासाठी रात्री आई जवळ असणं आम्ही जास्त मोलाचं धरतो. तुम्ही पोषण ट्रॅकरवर (अंगणवाडीच्या नोंदींच्या सरकारी ॲपवर) त्याचं नाव स्थलांतरित म्हणून केलंत तर तिकडच्या अंगणवाडीत त्याला जेवण मिळायला हवं. आईला हे कागदावर लिहून द्या.

तो किती सावरेल, हे आत्ता कुणी सांगू शकत नाही, पण या वयात मुलं लवकर उलगडतात. रात्र, फोन आणि अंगणवाडी, तिन्ही गोष्टी लागल्यावर सहा-आठ आठवड्यांत चावणं कमी व्हायला हवं. नाहीच झालं, बोलणं कमी झालं, येणारे शब्द गेले, स्वतःचं डोकं आपटतो, किंवा खेळात वयाला न शोभणारं लैंगिक काही दिसलं, तर थांबू नका. शेवटच्या गोष्टीसाठी थेट 1098. बाकीसाठी अंगणवाडीत मुलांच्या तपासणीला येणाऱ्या आरबीएसकेच्या (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या) डॉक्टरांना दाखवा, ते जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवू शकतात. थोरलीला झोप नाही, खाणं सुटलंय किंवा 'मरून जावं' असं ती म्हणाली, तर 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं. फोन लावून तिच्याजवळ बसा.

आईवडील येतील त्या दिवसाबद्दल आईला आधीच सांगून ठेवा. तो तिच्याकडे झेपावणार नाही, बहुधा बहिणीच्या मागे लपेल, आणि दोन-चार दिवसांनी आईलाच मारेल, चावेल. तिने 'विसरलं का रे' म्हणून डोळ्यांत पाणी आणू नये, ओढून मांडीवर घेऊ नये, जवळ बसून राहावं. थोरलीची कामं पहिल्या दिवशीच काढून घ्या, पण धाकट्याला जेवू घालणं आणि झोपवणं आठ-दहा दिवस दोघींनी मिळून करावं. नाहीतर त्याला वाटेल आता ताईही गेली, आणि तिला वाटेल सहा महिने केलं त्याची किंमत एवढीच.

या आठवड्यात सगळं करायला जाऊ नका. चुलतीकडे जा, आईला फोन लावून तिथेच रात्रीचं ठरवा, आणि सोमवारी मुख्याध्यापकांना भेटा. रात्रीचं माणूस शनिवारपर्यंत ठरलं नाही तर 1098 लावा, आमच्या पुढच्या उत्तराची वाट पाहू नका.